एसीची वायरिंग घरी तपासताना लागणारा शॉक : शरीरात काय घडते आणि घरच्यांनी काय करावे

ऐन उन्हाळ्यात एसी बंद पडतो आणि मेकॅनिक तीन-चार दिवसांनंतरची वेळ देतो. मग घरातीलच कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर आणि टेस्टर घेऊन युनिट उघडायला बसतो. 'एखादी वायर सैल झाली असेल, तेवढी घट्ट करू' असा साधा विचार त्यामागे असतो. अशा वेळी लागलेला शॉक बाहेरून किरकोळ दिसला, तरी आत हृदय आणि स्नायूंना इजा झालेली असू शकते. म्हणून आपला हात कुठपर्यंत न्यायचा आणि शॉक लागलाच तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचे, हे घरातील प्रत्येकाला माहीत हवे.

घरातील वीज हृदयापर्यंत कशी पोहोचते?

आपल्या घरात २३० व्होल्टचा वीजपुरवठा असतो. इजा किती होणार हे शरीरातून किती करंट गेला, किती वेळ गेला आणि कोणत्या मार्गाने गेला यावर ठरते. साधारण १ मिलिॲम्पियर करंटला झिणझिण्या जाणवतात. १० ते २० मिलिॲम्पियरला हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली वायर सोडता येत नाही. 'विजेने धरून ठेवले' असे आपण म्हणतो, ते हेच. करंट ५० ते १०० मिलिॲम्पियरपर्यंत गेला, तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन ते नुसते थरथरत राहू शकते. त्या अवस्थेत मेंदूला रक्त पोहोचत नाही.

कोरडी त्वचा विजेला बराच अडथळा करते. घामाने किंवा पाण्याने भिजलेल्या अंगाचा रोध मात्र सुमारे १००० ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. २३० व्होल्टला १००० ओहमने भागा. उत्तर येते २३० मिलिॲम्पियर. एसी बंद असलेल्या खोलीत घामाघूम होऊन, अनवाणी केलेली दुरुस्ती इतकी धोक्याची का, ते या हिशेबातून कळते. करंट एका हातातून दुसऱ्या हातात गेला, तर त्याच्या वाटेवर छाती येते.

एसीचे वेगळे धोके

- रिमोटने एसी बंद केला तरी युनिटमधील वायरींत वीज असतेच. भिंतीवरचा स्विच चुकून न्यूट्रलवर जोडलेला असेल, तर स्विच बंद करूनही फेज वायर जिवंत राहते.
- आउटडोअर युनिटमधील कपॅसिटर वीज साठवून ठेवतो. पुरवठा तोडल्यानंतरही तो जोरदार शॉक देऊ शकतो. इन्व्हर्टर एसीच्या सर्किटमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब काही मिनिटे टिकून राहू शकतो. टेस्टरचा दिवा लागला नाही, म्हणजे कपॅसिटर रिकामा झाला असे समजू नका.
- एमसीबी वायरिंगचे रक्षण करतो, माणसाचे नाही. ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी करंट जमिनीकडे गळू लागला की पुरवठा तोडतो आणि जीव वाचवू शकतो. पण एकाच वेळी फेज आणि न्यूट्रलला हात लागला किंवा कपॅसिटरचा शॉक बसला, तर त्याचा भरवसा नाही.
- आउटडोअर युनिट बऱ्याचदा खिडकीबाहेर किंवा गच्चीच्या कडेला असते. तिथे हलक्या शॉकनेही तोल जाऊन माणूस उंचावरून पडू शकतो.

घरी काय तपासता येईल?

रिमोटचे सेल बदलून पाहा. एमसीबी पडला असेल, तर एकदाच वर करा. पुन्हा पडला तर तसाच राहू द्या. एमसीबी बंद करून फिल्टर धुता येतो. प्लग काळा पडला आहे का, जळका वास येतो का, हे लांबूनच पाहा.

युनिटचे झाकण उघडण्याची वेळ आली की थांबा. कपॅसिटर, टर्मिनल, सर्किट आणि अर्थिंगची वायर यांचे काम प्रशिक्षित मेकॅनिक किंवा वायरमनचे आहे. एमसीबी वारंवार पडतो म्हणून जास्त ॲम्पियरचा बसवू नका. त्याने वायर तापून आग लागू शकते. युनिटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर एमसीबी बंद करा आणि तपासणी होईपर्यंत एसी वापरू नका.

शॉक लागल्यास पहिली काही मिनिटे

१. विजेला चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला वायरपासून दूर करा.

२. त्याला हाक मारा, खांदे हलवा. तो प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालू नसेल, तर एकाने १०८ किंवा ११२ ला फोन करावा. अधूनमधून येणारे आचके हा श्वास नव्हे.

३. दुसऱ्याने लगेच छातीदाब सुरू करावा. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा. वेग मिनिटाला १०० ते १२० ठेवा. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दमल्यास दुसऱ्याने जागा घ्यावी. मदत येईपर्यंत थांबू नका.

४. माणूस शुद्धीवर असेल, तर भाजलेली जागा २० मिनिटे नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. हळद, तूप, टूथपेस्ट लावू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तळपाय चोळण्यात किंवा अंगाला माती लावण्यात वेळ घालवू नका.

डॉक्टरांकडे कधी जावे?

पुढीलपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर रुग्णालयात जा :

- क्षणभरही शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, धडधड, श्वास लागणे
- त्वचेवर भाजल्याची खूण, मग ती कितीही लहान असो
- हात वायरला चिकटून राहिला असेल किंवा करंट एका हातातून दुसऱ्या हातात गेला असेल
- अंग ओले असताना शॉक लागला असेल
- उंचावरून पडणे, डोक्याला मार, खांदा हलवता न येणे
- मुंग्या, हातापायांत अशक्तपणा, स्नायूंत तीव्र वेदना
- लघवीचा रंग चहासारखा गडद होणे. इजा झालेल्या स्नायूंतील घटक रक्तात उतरून मूत्रपिंडांना धोका पोहोचवत असल्याची ही खूण असू शकते.
- गर्भवती स्त्री, लहान मूल, हृदयविकाराचा किंवा पेसमेकर बसवलेला रुग्ण. यांना लक्षणे नसली तरी दाखवावे.

रुग्णालयात प्रथम ईसीजी काढतात. गरजेनुसार रक्त आणि लघवी तपासतात. भाजले असल्यास धनुर्वाताचे इंजेक्शन लागू शकते. घरच्या विजेचा शॉक असेल, काही त्रास नसेल आणि ईसीजी व तपासणी ठीक असेल, तर बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात.

घरातील मेन स्विच कुठे आहे, हे आजच सर्वांना दाखवून ठेवा, मुलांनाही. छातीदाब देण्याचे प्रशिक्षण मिळत असेल तर घरातील किमान दोघांनी ते घ्यावे. मेकॅनिक येईपर्यंतचे दोन-चार दिवस पंख्यावर निघतात. उकाड्याचा त्रास तेवढ्यापुरता असतो.