कथलाचे पांघरूण

रंगीत काचेची खिडकी पाहताना आपली दृष्टी रंगांवर खिळते. आमच्या कोल्हापुरात १८८४ साली पुऱ्या झालेल्या नव्या राजवाड्याच्या दरबार हॉलात शिवचरित्रातले प्रसंग रंगीत काचांतून साकारले आहेत. ते पाहून परतलेल्या माणसाला लाल आणि निळा रंग आठवतो. काचांच्या तुकड्यांमधल्या काळ्या रेघा मात्र आठवत नाहीत. अशा खिडक्यांतली ती रेघ बहुधा शिशाच्या पट्टीची असते. दोन पट्ट्या जेथे मिळतात तेथे कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची झाळ दिलेली असते. सारे चित्र त्या सांध्यांवर उभे असते.

गाणे शिकवणाऱ्या माणसाने या विषयात का पडावे, असे कुणी विचारील. आमचे घर दरबारी गवयाचे. घरात वाद्ये पुष्कळ आणि त्यांची दुरुस्तीही घरीच चाले. पेटीतल्या खर्जाच्या पितळी जिभेच्या टोकावर झाळेचा बारीक थेंब ठेवला की स्वर उतरतो, हे मी लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून पाहिले. तेव्हापासून सोल्डरिंग आयर्न हे हत्यार मला तंबोऱ्याच्या जव्हारीइतकेच जवळचे वाटत आले आहे.

सुटीत मी आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी-बांद्यावरून पेडण्याला आणि पुढे डिचोलीला शिकवायला जातो. १७८८ साली पोर्तुगीजांकडे जाण्यापूर्वी पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांचे होते. त्यामुळे तेथल्या घरांतले बोलणे-चालणे आपल्याला परके वाटत नाही. त्या भागातल्या जुन्या घरांतून रंगीत तावदाने दिसतात, पण ती लाकडी चौकटीत बसवलेली असतात. गोव्याच्या कित्येक जुन्या खिडक्यांना तर काचेऐवजी पातळ, अर्धपारदर्शक शिंपांचे तुकडे लावलेले आहेत. या दोन्ही प्रकारांत झाळकामाला वावच नाही. म्हणून पेडण्याच्या माझ्या एका शिष्याचा थोरला भाऊ रंगीत काचेचे दिवे करू लागला, तेव्हा त्याला हात धरून शिकवणारे गावात कुणी नव्हते.

त्याची रीत निराळी. काचेच्या प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ चिकटफीत गुंडाळायची आणि तुकडे शेजारी मांडून सगळ्या फिती झाळेने एकजीव करायच्या. हात चांगला होता, पण आयर्नचे टोक पुन्हा पुन्हा काळे पडे. काळ्या टोकाला झाळ चिकटत नाही, तिचे मणी होऊन घरंगळतात. टोकातली उष्णता सांध्यात उतरत नाही, म्हणून कारागीर ते एकाच जागी दाबून धरतो आणि काच तेवढ्याच जागी तापून तडकते. त्याचे तसेच झाले. पुष्कळ दिवस जपून ठेवलेला गर्द निळा तुकडा असा गेला. रागाच्या भरात त्याने ते टोक कानशीने घासून लख्ख केले. दोन दिवसांत त्याला खड्डे पडले.

कारण समजून घेण्याजोगे आहे. अशा टोकाचा गाभा तांब्याचा असतो, कारण तांबे उष्णता झपाट्याने वाहून नेते. पण वितळलेल्या कथलात तांबे हळूहळू विरघळते. म्हणून वर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. त्या मुलाम्यावर झाळेचा थर असेल तरच पुढची झाळ धरते. थर गेला आणि तापलेले लोखंड हवेला उघडे पडले की त्यावर काळा गंज चढतो. कानस गंजाबरोबर मुलामाही नेते. पूर्वीच्या नुसत्या तांब्याच्या टोकांना कानस चालत असे. मुलाम्याच्या टोकाला ती मारक ठरते.

मी त्याला दुसरे काळे टोक घेऊन डिचोलीला नेले. डिचोलीच्या पितळी समया नावाजलेल्या आहेत. तेथे भांड्यांना कल्हई करणारे एक वृद्ध गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. विजेवर तापणारे हत्यार त्यांनी कधी वापरले नव्हते. टोक उलटसुलट करून ते म्हणाले, "मास्तर, कल्हई उडाली हो याची. पातेल्याचं जे करतो तेच करायचं."

त्यांनी नवसागराचा खडा काढला. "काका, एवढ्यानं होईल?" असे त्या मुलाने विचारले; उत्तर द्यायच्या भानगडीत ते पडले नाहीत. टोक तापल्यावर ते खड्यावर घासले, पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठला. लगेच वर झाळ टेकवली आणि पुन्हा घासले. काळ्यातून रुपेरी टोक बाहेर आले. तापल्यावर नवसागरातून निघणारे आम्ल गंज खाऊन टाकते आणि स्वच्छ झालेल्या धातूवर कथील पसरते. पातेल्याच्या कल्हईतले रसायनही हेच. धूर मात्र छातीत जाऊ देऊ नये. खिडकी उघडी हवी.

मग आम्ही नित्याचे नियम ठरवले. साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे असलेली झाळ १८३ अंशांवर मऊ होऊ लागते आणि १९० च्या सुमारास पुरती वितळते. टोक ३५० ते ४०० अंशांवर ठेवले तर काम होते. त्याहून तापवल्यास गंज लवकर चढतो. शिशाच्या पट्टीवर तर टोक क्षणभरच टेकवावे, कारण शिसे स्वतःच ३२७ अंशांना वितळते. ओलसर स्पंजावर किंवा पितळी तारांच्या गुंत्यात टोक हलकेच पुसावे, पण सांधा देण्याच्या अगदी आधी. पुसलेले टोक उघडे ठेवू नये. मध्ये कुणी बोलायला आले तर आयर्न बंद करावे. दिवसाचे काम संपताना टोकावर झाळेचा जाड थर ठेवूनच ते थंड होऊ द्यावे. नवसागर हे औषध आहे, रोजचे अन्न नव्हे. रोज वापरले तर मुलामा झिजतो.

आणखी एक गोष्ट त्या वृद्धांनी बजावून सांगितली आणि ती प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. अन्नाच्या भांड्याला शुद्ध कथीलच लागते. काचकामाच्या झाळेत शिसे असते आणि ते विष आहे. ती कांडी, तो स्पंज, ते टेबल स्वयंपाकघरात येता कामा नये. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

मैफल संपल्यावर कोण वाहवा करतो, चहा कोण आणतो, याकडे माझे वडील पाहत नसत. आधी तंबोरा पुसून गवसणीत जाई. टोकावर शेवटचा थर ठेवायचा तो याच शिस्तीने.

स्टीलची भांडी घरोघर आली आणि कल्हईवाल्याची हाक दुर्मिळ झाली. डिचोलीच्या त्या गृहस्थांची मुले दुसऱ्या धंद्यात आहेत. पेडण्याचा तो मुलगा आता सवड काढून त्यांच्याकडे जातो. ज्यांच्या आळीत अजून कल्हईवाला येतो, त्यांनी पुढच्या खेपेस माळ्यावरचे एखादे पितळी पातेले काढावे, आणि तो भाता चालवू लागला की घरातल्या मुलांना धूर चुकवून जवळ उभे करावे.