कामणची वाट : चिंचोटी ते अंजूरफाटा

वसई तालुक्याचा नकाशा समोर घ्या. शाळेच्या भिंतीवरचा असला तरी चालेल. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची खाडी आणि पश्चिमेला समुद्र. अशा तीन बाजू पाण्याने अडवलेल्या आहेत. राहिली पूर्व. तिथे तुंगारेश्वर आणि कामणदुर्ग हे डोंगर उभे आहेत, त्यांचे माथे दोन हजार फुटांवर गेलेले. तेव्हा प्रश्न असा पडतो, की देशावरून किंवा कल्याण-भिवंडीकडून येणाऱ्या माणसाने ह्या मुलखात शिरावे कुठून?

नकाशा नीट पाहिला तर उत्तर सापडते. ह्या डोंगराला वळसा घालणाऱ्या वाटा दोन. एक उत्तरेकडून तानसा नदीच्या खोऱ्यातून येते. शिरसाड, पारोळ, उसगाव, वज्रेश्वरी, अंबाडी ही गावे त्या वाटेवरची. दुसरी दक्षिणेकडून, डोंगराचा पायथा आणि खाडीचे खाजण ह्यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी उरली आहे तिच्यातून जाते. ह्या दुसऱ्या वाटेवर आज चिंचोटी-कामण-अंजूरफाटा हा राज्य महामार्ग आहे. आपल्याला बोलायचे आहे ते त्याच्याविषयी.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चिंचोटीला हा रस्ता सुरू होतो. तिथून पूर्वेकडे निघालो की कामण येते, मग पोमण. डाव्या हाताला डोंगर आणि झाडी, उजव्या हाताला खाडीच्या बाजूची सखल जमीन, असा हा प्रवास आहे. पुढे पायेगाव, खारबाव ह्या गावांच्या शिवारातून रस्ता भिवंडीजवळच्या अंजूरफाट्याला पोचतो आणि तिथून माणकोलीला मुंबई-नाशिक महामार्गाला मिळतो. सारा पल्ला पंचवीस किलोमीटरच्या आसपास. वसई-दिवा रेल्वेनेही हीच पट्टी धरली आहे. जुचंद्र, कामण रोड, खारबाव, भिवंडी रोड ही तिच्यावरची स्थानके बघा. रस्ता बांधणारा आणि रूळ टाकणारा, दोघांनाही डोंगराने आणि खाडीने एकच जागा दाखवली.

आता थोडे मागे जाऊ. आजचे नालासोपारा म्हणजे जुने शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही त्याच साली सोपाऱ्याला मिळाला आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावला. बंदर मोठे असले की त्याला माल आणणाऱ्या वाटा लागतात. जहाज समुद्रावर चालते, पण त्यात भरायचा माल बैलाच्या पाठीवरून येतो. सोपाऱ्याहून घाटाकडे जाणाऱ्या बैलांच्या तांड्यांना मोठी खाडी टाळायची असेल, तर वर सांगितलेल्या दोन वाटांखेरीज तिसरी सोय भूगोलाने ठेवलेली नव्हती.

वाटसरूची काळजी कोणी घ्यावी, ह्याचा एक सुंदर पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेला आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा तो लेख. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतला. दमणा, पारादा, दहाणुका अशा नद्यांवर त्याने नावा ठेवून फुकट उताराची सोय केली, म्हणजे आपण ज्याला तर म्हणतो ती विनामूल्य केली. दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया बांधल्या. शूर्पारक आणि इतर गावी वाटसरूंसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या. ही नावे ओळखीची वाटतात ना? दमणा म्हणजे दमणगंगा, पारादा म्हणजे पार, आणि दहाणुका डहाणूची. रस्ता म्हणजे नुसती माती-खडीची पट्टी नव्हे. नदीवरचा उतार, सावली, पाणी हे सगळे मिळून रस्ता होतो, ही समज आपल्या मुलखात निदान अठराशे वर्षांची आहे.

पुढे बंदर गाळाने भरत गेले. वसईची पट्टी आणि मुख्य भूमी ह्यांच्यामधली अरुंद खाडीही उथळ झाली. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यांची भिस्त गलबतांवर आणि किल्ल्यावर. जमिनीकडची बाजू मात्र मराठ्यांना मोकळी राहिली. अंजूरफाटा हे नाव आज ट्रकवाल्यांच्या तोंडी असते, पण ते ज्या अणजूर गावावरून पडले तिथल्या गंगाजी नाईक अणजूरकरांनी वसईच्या मोहिमेसाठी पेशव्यांकडे खटपट केली, हे मुलांना जरूर सांगावे. १७३७ साली मोहीम उभी राहिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. १७८० साली जनरल गॉडार्डने वसईला वेढा दिला, तेव्हा मराठी फौज पुन्हा पूर्वेकडूनच मदतीला आली. भिवंडी तालुक्यातील दुगाडजवळ त्या डिसेंबरात लढाई झाली आणि रामचंद्र गणेश तिथे धारातीर्थी पडले. वसईचा किल्ला पाण्यावर बघत असला, तरी तिच्या सुटकेची वाट डोंगराकडून येई.

इंग्रजी अमदानीत १८६० नंतर रेल्वे आली आणि खाडीवर लोखंडी पूल झाला. लोकांचे तोंड मुंबईकडे वळले. पूर्वेची वाट काही काळ मागे पडली. पुढे भिवंडीला यंत्रमाग वाढले, गोदामे झाली, गुजरातकडे जाणारा माल वाढला, आणि ही जुनी वाट पुन्हा जागी झाली. दोन मोठ्या महामार्गांना जोडणारा हा दुवा झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये घोडबंदरजवळच्या वर्सोवा पुलात दोष आढळून अवजड गाड्या बंद झाल्या, तेव्हा त्यांना ज्या वाटा दाखवण्यात आल्या त्यांत चिंचोटी-कामण-भिवंडी ही एक होती. नवा पूल २०२३ साली खुला झाला. पण खाडीवरचा पूल अडला, की लोकांना कामणची वाट आठवते, हा धडा त्याने शिकवला.

आता राज्य महामार्ग म्हणजे काय ते पाहू. १९४३ साली नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तिने देशातील रस्त्यांच्या पायऱ्या ठरवल्या. पहिली राष्ट्रीय महामार्गांची, मग प्रांतीय म्हणजे आजचे राज्य महामार्ग, त्याखाली जिल्हा मार्ग मोठे आणि लहान, आणि शेवटी गावरस्ते. राज्य महामार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतो. ह्या रस्त्याच्या रुंदीकरणाला खाजगी भांडवल घेतले गेले आणि मालोडीला टोलनाका बसला. शिवाय १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे रस्ता एकच, पण त्याचे वसईकडचे टोक पालघर जिल्ह्यात आणि भिवंडीकडचे टोक ठाणे जिल्ह्यात आहे. खड्डा मात्र जिल्ह्याची हद्द बघून पडत नाही.

खड्डा का पडतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे. त्याला दोन शत्रू जबाबदार असतात. पहिला पाणी. डोंगरावरून पावसाळ्यात येणारे पाणी खाडीकडे जाऊ पाहते आणि वाटेत हा रस्ता आडवा पडतो. मोऱ्या मोकळ्या असतील तर पाणी खालून निघून जाते. त्या गाळाने, कचऱ्याने किंवा भरावाने बुजल्या, तर पाणी रस्त्याच्या अंगात मुरते. खालची माती चिकण, खाडीकाठची. ती भिजली की लोण्यासारखी मऊ होते. वरचे डांबर कितीही चांगले असो, पाया मऊ झाला की ते फुटणारच. खाजणाच्या शेतकऱ्याला हे निराळे सांगायला नको. बांधाला घूस लागली आणि ती वेळीच बुजवली नाही, तर उधाणाचे पाणी पीक घेऊन जाते. बांध एकदा घालायचा असतो आणि दरसाल राखायचा असतो. रस्त्याचेही अगदी तसेच आहे.

दुसरा शत्रू वजन. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० ह्या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ठरावीक वजनाचे ट्रक रात्रंदिवस फिरवले गेले. त्यातून निघालेला नियम साधारण असा, की आसावरचे वजन दुप्पट झाले तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सोळापट होते. म्हणजे वजनाचा चौथा घात. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर अवश्य करून दाखवावे. आपल्याकडे २०१८ साली चार चाकांच्या एका आसावरची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वाढ दिसते आठव्या हिश्श्याएवढी. चौथा घात काढला, तर झीज सुमारे १.६ पट होते. आणि हे झाले कायद्यातल्या वजनाचे. कायद्याबाहेर भरलेल्या ट्रकचा हिशेब मुलांनाच करू द्या.

ह्या झिजेचा भार कोणाच्या अंगावर येतो? ट्रक येतो आणि जातो. कामण, पोमण, खारबावच्या माणसाला मात्र रोज त्याच रस्त्याने जायचे असते. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे असते, भाजी बाजारात पोचवायची असते, मुलाला सायकलवर शाळेत जायचे असते. त्याच्या जवळचा दुसरा रस्ता नाही, कारण एका बाजूला डोंगर आहे आणि दुसऱ्या बाजूला खाडी. तेव्हा अशा रस्त्याची निगा ही सोयीची बाब राहत नाही, ती गावाच्या जगण्याची बाब होते.

म्हणून थोडे काम सुचवतो. मृगापूर्वी गावातल्या चार जाणत्या मंडळींनी आपल्या हद्दीतल्या मोऱ्या पायी फिरून पाहाव्यात. कोणती मोरी बुजली, कुठे भरावाने नाला अडला, कुठे पाणी साठते, हे किलोमीटरच्या दगडाच्या आधाराने लिहून काढावे आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कार्यालयात सहीनिशी द्यावे. पोच घ्यायला विसरू नये. नुसते 'रस्ता खराब आहे' म्हटले तर कोणी हलत नाही; अमक्या दगडाजवळची मोरी बुजली आहे म्हटले, तर टाळणे कठीण जाते. शाळांनी वरच्या वर्गातील मुलांना रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी बसवून तासाभरात किती ट्रक, किती बसगाड्या, किती दुचाक्या गेल्या ते मोजायला लावावे. भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र असे तिन्ही विषय त्यात येतात.

उषवदाताकडे सत्ता होती, म्हणून त्याला नावा ठेवता आल्या. आपल्याकडे ग्रामसभा आहे, अर्ज आहे आणि मोजणीची वही आहे. येत्या पावसाआधी निदान ती वही तरी उघडावी.