चिकित्सक विचार आणि परीक्षापद्धती : होशंगाबादचा अनुभव

प्राथमिक शिक्षणाचा विस्तार शाळांच्या संख्येवरून व पटनोंदणीवरून मोजता येतो. मुलांची विचारशक्ती किती विकसित झाली, हे मात्र त्या आकड्यांतून समजत नाही. विधानामागील पुरावा तपासणे, अन्य संभाव्य कारणे शोधणे व निष्कर्ष सकारण मांडणे म्हणजे चिकित्सक विचार. तो कसा रुजविता येतो, याचे महत्त्वाचे भारतीय उदाहरण म्हणजे मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम.

फ्रेंड्स रूरल सेंटर, रसूलिया व किशोर भारती या संस्थांनी १९७२ मध्ये १६ शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी हा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर विस्तारला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढे त्याची धुरा सांभाळली.

या पद्धतीत मुले लहान गटांत स्वतः प्रयोग करीत, निरीक्षणे नोंदवीत व त्यांवर चर्चा करीत. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकात तयार उत्तरांऐवजी प्रश्न असत. मुलांनी मनातील शंका पत्राने विचाराव्यात, यासाठी ‘सवालीराम’ हे काल्पनिक पात्र निर्माण करण्यात आले. अशा अध्यापनाचे सूत्र एका साध्या प्रयोगातून स्पष्ट होते. हरभरा रुजण्यास प्रकाश लागतो काय, हे ठरविण्यासाठी एक वाटी उजेडात व दुसरी अंधारात ठेवावी. पाणी, हवा व तापमान समान असावे. मुलांनी आधी अंदाज बांधावा, नंतर निष्कर्ष काढावा. गटांचे निष्कर्ष भिन्न आल्यास शिक्षकाने उत्तर न सांगता कारण विचारावे.

तथापि, केवळ अध्यापनपद्धती बदलणे पुरेसे नसते. परीक्षा पाठांतरालाच गुण देत असेल, तर शिक्षक व पालक पाठांतराकडेच वळतात. कारण प्रोत्साहन जिकडे, प्रयत्न तिकडे. म्हणूनच होशंगाबादमध्ये परीक्षेतही पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा होती व प्रात्यक्षिकालाही स्थान होते.

राज्य शासनाने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला. मात्र कृती व शोधातून शिकण्याचे तत्त्व राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये आढळते. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २९ नेही ते स्वीकारले, तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने चिकित्सक विचार व क्षमताधारित मूल्यमापनावर भर दिला. या उद्दिष्टांची खरी कसोटी वर्गाइतकीच प्रश्नपत्रिकेतही लागणार आहे.