तेल-तूप आणि रोगप्रतिकारशक्ती

जेवणातील तेल-तुपाचा विषय निघाला की बहुधा दोनच गोष्टींची चर्चा होते : अन्नाची चव आणि शरीराचे वजन. परंतु स्निग्ध पदार्थ आणखी एक महत्त्वाचे कार्य करीत असतात. रोगजंतूंशी झुंजणाऱ्या यंत्रणेला लागणारी सामग्री ते पुरवितात.

१९२९ साली जॉर्ज व मिल्ड्रेड बर या अमेरिकन दांपत्याने उंदरांना स्निग्धांशविरहित आहार देऊन पाहिला. उंदरांची वाढ खुंटली, त्वचेवर खवले धरले. काही मेदाम्ले शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती आहारातूनच मिळवावी लागतात, हे त्यातून पुढे आले.

रखवालदार पेशी

रक्तातील पांढऱ्या पेशी या शरीराच्या रखवालदार होत. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्यांचे तलम आवरण असते आणि आहारातील मेदाम्ले त्यात सामावली जातात. जंतूंचा शिरकाव होताच पेशी या साठ्यातून प्रोस्टाग्लँडिनसारखी संदेशवाहक द्रव्ये बनविते. ताप येणे, सूज चढणे या गोष्टी त्यांच्याच इशाऱ्याने घडतात. या द्रव्यांवरील संशोधनासाठी बर्गस्ट्रोम, सॅम्युएलसन व व्हेन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दाह चेतणे जितके आवश्यक, तितकेच तो वेळीच शमणेही आवश्यक असते. ओमेगा-६ गटातील मेदाम्लांपासून होणारी अनेक द्रव्ये दाह चेतवितात. मासळीतील ओमेगा-३ मेदाम्लांपासून होणारी द्रव्ये सौम्य असतात आणि त्यांतील काही दाह आवरण्यास साहाय्य करतात. म्हणून दोहोंचा मेळ हवा.

जवस आणि बांगडा

शेंगदाणा, करडई व सूर्यफूल यांच्या तेलांत ओमेगा-३ जवळजवळ नसतेच. जवसाच्या तेलात मात्र त्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते. जवसातील या मेदाम्लाचा अल्पसा भागच शरीरात मासळीतील मेदाम्लांच्या रूपात पालटतो, हे खरे. तरीही शाकाहारी कुटुंबांना जवसाची चटणी हा स्वस्त व सोयीचा मार्ग आहे. किनारपट्टीवर बांगडा आणि तारली हेच काम अधिक थेटपणे करतात.

मुलांसाठी विशेष

पालेभाज्या व गाजर यांतील कॅरोटिनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. पण कॅरोटिन शोषले जाण्यासाठी त्याच जेवणात थोडा स्निग्धांश लागतो. या जीवनसत्त्वाच्या अभावी श्वासमार्ग व आतडी यांची अस्तरे दुबळी होतात आणि गोवरासारखा आजार बालकाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून बाळाच्या भाजी-भातावर चमचाभर तेल वा तूप घालणे ही चैन नव्हे.

अर्थात अतिरेक टाळलाच पाहिजे. स्थूलतेमुळे शरीरात मंद दाह सतत धुमसत राहतो. खाद्यतेले व वनस्पती तूप यांतील ट्रान्स मेदाम्लांवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. तरी तेच तेल पुनःपुन्हा तापवू नये. कोणतेही तेल लसीची जागा घेऊ शकत नाही. मात्र योग्य तेल, योग्य प्रमाणात, ही शरीराच्या संरक्षणाची रोजची तरतूद आहे आणि ती प्रत्येक गृहिणीच्या व गृहस्थाच्या हाती आहे.