ताण देणारा आणि ताण घेणारा

मांडीच्या मागच्या स्नायूचंच घ्या. आम्ही उताणे झोपतो, आमची सौ. आमचा सरळ पाय वर उचलते. ताण जाणवला की थांबायचं. पाच-सहा सेकंद टाच तिच्या हातावर हलकेच रेटायची, मग सैल सोडायची. पाय आणखी वर जातो. १९४०च्या दशकात अमेरिकेत डॉ. हर्मन कॅबट यांनी पक्षाघाताच्या रुग्णांसाठी बसवलेल्या पद्धतीतून हे आलं. स्नायूभोवतीचं आवरण एवढ्यात लांबत नाही बरं का. मज्जासंस्था जास्त ताण सोसू देते, हे मुख्य. पण आमची कळ तिच्या हाताला कशी कळणार? दुसऱ्याची वेदना कळते का, हा प्रश्न आम्ही जन्मभर वर्गात शिकवला, आणि पहिल्याच दिवशी संकोचापायी ‘थांब’ म्हणालो नाही. आठवडाभर लंगडलो! आता आम्ही बोट वर केलं की ती थांबते. पायात मुंग्या आल्या तर मात्र सोडून द्यायचं, डॉक्टरांना दाखवायचं.