वॉरंटी संपली? फोन ठेवू नका, बॉस!

सोमवारची सकाळ. कोल्हापूरहून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ड्युटीवर निघालेल्या माझ्या मित्राची कार हायवेवर आधी खडखडली, मग ऑइलचा लाल दिवा लागला आणि इंजिन बंद पडलं ते पडलंच. ईएमआय अजून चालू, वॉरंटी मात्र पाच आठवड्यांपूर्वीच संपलेली! सर्व्हिस सेंटरनं दिलेला आकडा ऐकून गडी मटकन खालीच बसला.

'वॉरंटी संपली सर, आता कंपनी काही देणार नाही.' काउंटरवरचं ठरलेलं उत्तर. तिकडे ओळखीचा मिस्त्री फोनवर: 'भावा, गाडी उद्यमनगरात आण. उद्या सांजेपर्यंत इंजिन खोलून दावतो.' कोल्हापूरकराला हा मोह आवरणं कठीणच. ज्या गावानं ऑइल इंजिनं बनवली, ज्याच्या फाउंड्रीत आजही गाड्यांचे पार्ट ओतले जातात, तिथल्या मिस्त्रीच्या हातावर शंका कोण घेणार?

पण थांबा! इंजिन एकदा बाहेर खोललं, की दोष मुळातला होता की नंतरचा, हे सिद्ध करणं अवघड जातं. आणि कंपनीला 'नाही' म्हणायला आयतं कारण मिळतं.

मागा, पण रीतसर

वॉरंटीनंतर कंपनीनं खर्च उचलणं हा सहसा हक्क नसतो, मर्जी असते. धंद्याच्या भाषेत 'गुडविल'. कधी पार्टचे काही पैसे कंपनी देते, कधी लेबर माफ होतं, कधी काहीच नाही. वॉरंटी संपून किती दिवस झाले, गाडी किती पळाली आणि सर्व्हिसिंग वेळेवर झालं का, हे बघितलं जातं.

मित्रानं काय केलं? गाडी टो करून अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच नेली. बिघाडाचं कारण जॉब कार्डवर लेखी मागितलं. सगळी सर्व्हिस बिलं, चासिस नंबर आणि किलोमीटर लिहून कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल टाकला, डीलरला कॉपी. आवाज चढवला नाही, पण दर चार दिवसांनी आठवण केली. तीन आठवडे कागलला एसटीनं गेला. शेवटी पार्टचा निम्मा खर्च कंपनीनं उचलला, लेबर त्यानं भरलं.

ईमेल दोघांनाही का? गोव्यातल्या एका ग्राहकाच्या केसमध्ये २०२१ साली सुप्रीम कोर्टानं टाटा मोटर्सच्या बाजूनं निकाल देताना सांगितलं, की डीलरनं केलेल्या चुकीसाठी कंपनी आपोआप जबाबदार ठरत नाही. तेव्हा 'डीलरला सांगितलं होतं की' हे पुरेसं नाही.

आधी रिकॉल बघा

कंपनीच्या वेबसाइटवर चासिस नंबर टाका. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडानं भारतातल्या ९०,४६८ गाड्यांचे फ्युएल पंप मोफत बदलून देण्याची घोषणा केली. त्या पंपामुळे इंजिन बंद पडू शकत होतं, आणि यातल्या बऱ्याच गाड्या सहा-सात वर्षं जुन्या होत्या! मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सरकारही रिकॉलचा आदेश देऊ शकतं.

तरीही नकारघंटा?

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे गाडी पुण्यात घेतली तरी केस कोल्हापुरात. मुदत दोन वर्षांची. गाडीची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. मात्र उत्पादनातला दोष सहसा तुम्हालाच दाखवावा लागतो, गरज पडल्यास आयोग प्रयोगशाळेचा अहवाल मागवतो. आणि नव्या कारची स्वप्नं नकोत. वॉरंटीत पार्ट बदलून द्यायचं कबूल केलं असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २००६ मध्येच मारुतीच्या एका केसमध्ये म्हटलंय.

सगळीकडून नकार आला तर? उद्यमनगर कुठे पळून जात नाही. फक्त तिथे शेवटी जा, आधी नाही. आणि हो, आज घरी गेल्यावर सर्व्हिसची बिलं एका फाइलीत लावून ठेवा. मित्राची निम्मी बिलं डिकीत, स्टेपनीखाली सापडली होती!