गर्भिणीचा विमानप्रवास

पहिलटकरणीने बाळंतपणास माहेरी यावे, ही महाराष्ट्रातील जुनी रूढी. माहेर चार कोसांवर असे, तोवर हा प्रवास बैलगाडीने होई. आता सासर न्यूजर्सीत व माहेर पुण्यात अशी घरे थोडी नाहीत, आणि डोहाळजेवण आटोपून निघू म्हणणाऱ्या मुलीस पंधरा-सोळा तास आकाशात काढावे लागतात. गर्भास हे बाधेल की काय, अशी धास्ती वडीलधाऱ्यांस वाटते. धास्ती अगदीच निराधार नाही. मात्र ती बहुधा भलत्याच गोष्टीची असते.

भय वाटते ते उंचीचे. विमान पस्तीस हजार फुटांवरून चालले, तरी आतील हवेचा दाब यंत्राने राखलेला असतो; तेथील विरळपणा फार तर 8,000 फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका. उटकमंड सुमारे 7,300 फुटांवर आहे, आणि तेथील स्त्रिया सुखरूप बाळंत होतातच. आईच्या रक्तातील प्राणवायू या उंचीवर थोडा घटतो खरा. परंतु गर्भाच्या रक्तातील हीमोग्लोबिन प्राणवायूस अधिक घट्ट धरून ठेवते, म्हणून निरोगी मातेच्या उदरातील बालकास ही उणीव भासत नाही. ज्या स्त्रीच्या अंगी रक्तच फार कमी, तिची गोष्ट निराळी. भारतात 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांस रक्तक्षय आढळला. तेव्हा तिकिटाआधी रक्ताची तपासणी व्हावी, हे बरे.

खरा धोका आहे तो एकाच आसनावर तासन्‌तास बसण्यात. प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव आवरावा म्हणून निसर्ग गरोदरपणीच रक्ताची गोठण्याची शक्ती वाढवून ठेवतो. वाढलेल्या गर्भाशयाचा भार शिरांवर पडून पायांतील रक्त आधीच मंद वाहते. त्यात पाय लोंबते व निश्चल राहिले, की पोटरीतील खोल शिरेत गुठळी धरू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली, तर प्राणावर बेतते. चार तासांहून लांबच्या प्रवासात ही भीती वाढते. उपाय साधेच आहेत. मार्गिकेलगतचे आसन मागून घ्यावे, अधूनमधून उठून फिरावे, बसल्या जागी घोटे हलवावेत, पाणी पीत राहावे व मापाचे दाबमोजे घालावेत. पट्टा पोटावरून नव्हे, पोटाखालून मांड्यांवर बांधावा. पूर्वी कधी गुठळी झालेली असल्यास रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन घ्यावे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे.

दुसरी गोष्ट मदतीच्या अंतराची. विमानप्रवासाने कळा सुरू होतात असे नव्हे. पण त्या महासागरावर सुरू झाल्या, तर नजीकचा विमानतळ दोन-तीन तास दूर असू शकतो, आणि विमानात प्रसूतिगृह नसते. कंपन्यांचे नियम यासाठीच आहेत. घर महिने मोजते, वैद्यक आठवडे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 40 आठवडे, म्हणजे 280 दिवस. नऊ महिने नऊ दिवस हा आजीबाईंचा हिशेबही त्याच्या जवळचाच. सातवा महिना लागतो तो 26 आठवडे भरल्यावर. अनेक कंपन्या 28 आठवड्यांनंतर डॉक्टरांचा दाखला मागतात. गर्भ एकच व प्रकृती निर्वेध असल्यास 36 आठवड्यांच्या सुमारापर्यंत आणि जुळे असल्यास 32 पर्यंत नेण्याचा प्रघात आहे. तरी प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा. सातव्याच्या आरंभी ओटी भरून निघणारीस म्हणूनच अडचण पडत नाही. आठवा सरल्यावर निघणारी दारातून परत फिरण्याचा संभव असतो.

परतीचा विचार बहुधा कोणी करीत नाही. गुठळीची भीती बाळंतपणानंतरही सुमारे सहा आठवडे राहते, म्हणून दाबमोजे जपून ठेवावेत; आणि बाळास त्याचे स्वतःचे पारपत्र लागते, ते बारशाची वाट न पाहता मिळविण्याच्या मागे लागावे.